घोडबंदरला बोअरचं जड पाणी: सॉफ्टनर घ्यावा का, घेतला तर कोणता?

मृण्मयी_घोडबंदर
११ मे, रात्री १०.२०

कासारवडवलीला दीड वर्षापूर्वी राहायला आलो. इमारत १८ मजली, आम्ही १७व्या मजल्यावर. महापालिकेचं पाणी येतं पण पुरत नाही, म्हणून सोसायटीची बोअर आहे आणि उन्हाळाभर टँकर. तिन्ही पाणी खालच्या टाकीत एकत्र होतं आणि तिथून गच्चीवर चढतं.

गेल्या महिन्यात गीझर बंद पडला. मेकॅनिकने उघडला तर आतून ओंजळभर पांढऱ्या खपल्या निघाल्या. कॉइल चुन्याच्या कवचात पार बुडाली होती. मशीनमधून टॉवेल पापडासारखे कडक निघतात. शॉवरच्या भोकांतून पाणी चारी दिशांना उडतं. सासूबाई चिपळूणहून आल्या आहेत. घरच्या जांभ्या दगडातल्या विहिरीच्या पाण्याची त्यांना सवय. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "या पाण्यात साबणाला फेसच येत नाही, आणि तुरीची डाळ किती शिट्या काढल्या तरी आख्खीच." मुलीला एक्झिमा आहे, तोही वाढल्यासारखा वाटतो.

दोन विक्रेते घरी येऊन गेले. दोघांनीही खिशातून टीडीएस मीटर काढला आणि ७४० आकडा दाखवला. एकाने अख्ख्या घरासाठी ऑटोमॅटिक सॉफ्टनर (पाण्याचा जडपणा काढणारं यंत्र) सांगितला. दुसऱ्याने पाइपला बाहेरून बांधायचं चुंबकाचं यंत्र दाखवलं, मीठ नको, वीज नको म्हणाला. किमतीत चौपट फरक. ज्यांनी काही बसवलंय त्यांनी अनुभव सांगा, चांगला आणि वाईट दोन्ही.

स्नेहल_खारघर
११ मे, रात्री ११.०५

चुंबकाच्या नादी लागू नका, कळकळीने सांगते. मी बसवलं होतं. सहा महिन्यांनी गीझर उघडला, खपल्या होत्या तेवढ्याच. विक्रेता म्हणाला, क्षार जातात असं आम्ही कुठे म्हटलं, ते चिकटत नाहीत असं म्हटलं होतं. पण चिकटले होते, माझ्या डोळ्यांदेखत.

त्याआधी शॉवरला लावायचा फिल्टरही घेतला होता, केस गळतात म्हणून. त्यात क्लोरीन काढायचं माध्यम असतं, जडपणा काढायचं नसतं. हे मला दोन काडतुसं बदलून झाल्यावर समजलं.

रबाळे_निवृत्त
१२ मे, सकाळी ६.४०

मृण्मयीताई, मी रबाळे एमआयडीसीत बॉयलरच्या पाण्यावर २८ वर्षं काम केलं. सॉफ्टनर रोज हाताळलाय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, टीडीएस मीटर जडपणा मोजत नाही. पाण्यातून वीज किती वाहते ते तो बघतो आणि त्यावरून विरघळलेल्या एकूण क्षारांचा अंदाज देतो. त्यात साधं मीठही आलं. जडपणा म्हणजे फक्त कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. आपण शाळेत 'दुष्फेन पाणी' शिकलो ते हेच. टीडीएस ७४० असलेल्या पाण्याचा जडपणा १५० असू शकतो आणि ५०० सुद्धा. तेव्हा जो माणूस टीडीएसवरून सॉफ्टनर विकतो, त्याला त्याचं काम येत नाही किंवा तुम्हाला ते कळू नये असं त्याला वाटतं.

जडपणा थेंबांच्या किटने मोजतात. पाण्यात सूचक टाकला की रंग वाइनसारखा लाल होतो. मग ईडीटीएचे थेंब मोजत टाकायचे, निळं झालं की थांबायचं. माशांच्या टाक्यांचं सामान विकणाऱ्या दुकानांतही असं किट मिळतं. त्यावर जर्मन डिग्री लिहिलेली असेल तर आकड्याला १७.८ ने गुणा, म्हणजे लिटरमागे मिलिग्रॅम येतील. पक्का अहवाल हवा असेल तर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत किंवा एखाद्या खासगी लॅबमध्ये नमुना द्या.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, एकूण जडपणा लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत स्वीकार्य आहे. दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. म्हणजे तब्येतीच्या दृष्टीने हे विष नाही. त्रास होतो तो साबण, गीझर, मशीन आणि डाळ यांना. डाळीचं कारण असं की कॅल्शियम दाण्यातल्या पेक्टिनला घट्ट धरून ठेवतं, म्हणून दाणा फुटत नाही. तुमच्या सासूबाईंचं निदान अगदी बरोबर आहे.

दुसरी गोष्ट, सॉफ्टनरच्या आत काय असतं? राजगिऱ्याएवढे पिवळसर तपकिरी रेझिनचे दाणे. त्यांच्यावर सोडियम बसलेलं असतं. जड पाणी त्यातून गेलं की दाणे कॅल्शियम-मॅग्नेशियम धरतात आणि त्याच्या जागी सोडियम सोडतात. सगळं सोडियम संपलं की दाण्यांना मिठाच्या पाण्याने आंघोळ घालायची, म्हणजे पकडलेलं कॅल्शियम सुटून गटारात जातं आणि दाणे पुन्हा तयार. याला रिजनरेशन म्हणतात. म्हणजे यात क्षारांची अदलाबदल होते, क्षार कमी होत नाहीत. सॉफ्टनर लावल्यावर टीडीएस मीटर तेवढाच आकडा दाखवेल, थोडा जास्तही दाखवेल. 'मशीन चालत नाही' म्हणून तेव्हा भांडू नका.

एक लिटर रेझिन घरगुती वापरात साधारण ५० ग्रॅम जडपणा धरतं. एवढा आकडा हाताशी असला की विक्रेत्याचं गणित तुम्हीच तपासू शकता.

उलवेकर
१२ मे, सकाळी ९.१५

काकांच्या त्या 'अदलाबदल'वर माझे पैसे बुडालेत, म्हणून लिहितो. आमची बोअर खाडीजवळ. पाणी जिभेला खारट लागतं, टीडीएस १९०० च्या आसपास. सॉफ्टनर बसवला. साबणाला फेस येऊ लागला हे खरं, पण नळ गंजायचे थांबले नाहीत आणि पाणी खारट ते खारटच. खाडीचं मीठ सॉफ्टनर काढत नाही, त्याला आरओच लागतो, आणि घरभर आरओ कोण लावणार? शेवटी सोसायटीने ती बोअर फक्त फ्लशला जोडली.

तुमचं पाणी 'जड' आहे की 'खारं', हे आधी बघा. बोलताना आपण दोन्हीला खारंच म्हणतो.

अमेय_वाघबीळ
१२ मे, दुपारी १.३०

मी बांधकामातला. तुमच्या इमारतीत 'अख्ख्या घराचा' सॉफ्टनर बसेल का, हे त्या विक्रेत्याने डक्टमध्ये, म्हणजे पाइप जातात त्या उभ्या पोकळीत, डोकावून पाहिलं का? पाहिलं नसणार.

बंगल्याला पाण्याची एक लाइन आत येते. आपल्याकडच्या टॉवरमध्ये तसं नसतं. गच्चीच्या टाकीतून प्रत्येक डक्टमध्ये वेगळा डाऊनटेक, म्हणजे खाली येणारा पाइप, उतरतो. मास्टर बाथरूमचा एक, कॉमन बाथरूमचा दुसरा, किचन आणि ड्राय बाल्कनीचा तिसरा, शिवाय फ्लशचा वेगळा. म्हणजे तुमच्या घरात पाणी तीन ठिकाणांहून शिरतं. एक मशीन बसवून तिन्ही लाइनी सॉफ्ट करायच्या तर लाद्या फोडून पाइप फिरवावे लागतील.

दुसरा मुद्दा दाबाचा. दर १० मीटर उंचीला साधारण १ बार. तुम्ही १८ पैकी १७व्या मजल्यावर. तुमच्या नळापासून गच्चीच्या टाकीपर्यंत उंची फार तर ७-८ मीटर, म्हणजे पाऊण बार. ऑटोमॅटिक व्हॉल्व्हच्या बहुतेक मशीनला दीड बारच्या आसपास दाब लागतो. तो नसेल तर मिठाचं पाणी नीट ओढलंच जात नाही, रिजनरेशन अर्धवट होतं आणि मशीन दिवे लावून नुसतं उभं राहतं. काही इमारतींत वरच्या मजल्यांसाठी गच्चीवर प्रेशर पंप असतो. तुमच्याकडे आहे का ते विचारा.

मृण्मयी_घोडबंदर
१२ मे, रात्री ९.५०

सगळ्यांचे मनापासून आभार. अमेय, आज वॉचमनकाकांकडून डक्टचं दार उघडून घेतलं. तुम्ही म्हणालात तसंच आहे, तीन डाऊनटेक आणि फ्लशचा चौथा. प्रेशर पंप नाही. यातलं काहीही दोन्ही विक्रेत्यांनी विचारलं नव्हतं. किट मागवते.

प्राजक्ता_एन
१३ मे, सकाळी ११.४०

मुलीच्या त्वचेबद्दल थोडं. माझ्या मुलालाही एक्झिमा आहे, म्हणून हे मुळातून वाचलं होतं. ब्रिटनमध्ये जड पाण्याच्या भागातल्या ३३६ मुलांवर एक चाचणी झाली, निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. अर्ध्या मुलांच्या घरी १२ आठवडे सॉफ्टनर लावला, बाकीच्यांच्या घरी नाही. नेहमीचे उपचार दोन्हीकडे चालू. एक्झिमात सॉफ्टनरमुळे जास्तीचा फरक दिसला नाही.

सॉफ्टनर जरूर घ्या, पण मॉइश्चरायझर आणि डॉक्टरांचं मलम थांबवू नका. आम्ही ती चूक केली होती. पोराने तीन आठवडे रात्र रात्र खाजवून काढली.

पाणीहक्क
१३ मे, दुपारी ३.१०

मुळात महापालिकेचं पाणी पुरेसं मिळालं तर हा धागाच लागणार नाही. भातसाचं, उल्हासचं पाणी मऊ आहे. नवी मुंबईत मोरबे धरणाच्या पाण्यावर राहणाऱ्यांना सॉफ्टनर ठाऊकही नसतो. नवे टॉवर उभे राहिले, त्या प्रमाणात पाणी आलं नाही. प्रत्येकाने घरात मिठाची टाकी ठेवणं हा उपाय मला पटत नाही. सोसायट्यांनी एकत्र येऊन वाढीव जोडणीचा पाठपुरावा करावा.

सचिव_माजिवडा
१३ मे, रात्री १०.३०

पाणीहक्क, पाठपुरावा आम्हीही करतोय, पत्रांची फाइल बोटभर जाड झाली. पण गीझर आज जळतोय.

आमच्या सोसायटीने दोन वर्षांपूर्वी बोअरच्या लाइनवरच मोठा सॉफ्टनर बसवला. महापालिकेचं पाणी त्यातून नेत नाही, ते मऊच असतं. नुसतं बोअरचं पाणी सॉफ्ट करून टाकीत मिसळतो. लोकांची तक्रार जवळजवळ संपली. पण दोन गोष्टी आधी कुणी सांगितल्या असत्या तर बरं झालं असतं.

एक, मीठ. ११२ फ्लॅट आहेत. बोअरचं २० हजार लिटर पाणी रोज लागतं, जडपणा ५२०. म्हणजे रोज १०.४ किलो जडपणा काढायचा. रेझिन २५० लिटर, रोज एक रिजनरेशन, प्रत्येक वेळी ३० किलो मीठ. महिन्याला ९०० किलो! गोणी कुठे ठेवायच्या, वाहणार कोण, यावर सभेत तासभर गेला.

दोन, सुरुवातीला ते मिठाचं सांडपाणी आम्ही एसटीपीत, म्हणजे सोसायटीच्या सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणेत, सोडलं. आमचं एसटीपीचं पाणी बागेला जातं. दोन महिन्यांत मेंदीच्या कुंपणाची पानं कडेने करपली, हिरवळ पिवळी पडली. माळी सांगत होता, आम्हीच ऐकलं नाही.

रबाळे_निवृत्त
१४ मे, सकाळी ६.५५

सचिवसाहेब, तुमचा हिशेब करून पाहिला. ११२ घरं, घरटी ४ माणसं, माणशी १३५ लिटर, म्हणजे रोज ६० हजार लिटर सांडपाणी. त्यात ३० किलो मीठ म्हणजे लिटरमागे ५०० मिलिग्रॅमची भर. झाडं करपणारच. ते पाणी एसटीपी टाळून मलनिस्सारणाच्या लाइनला जोडायला हवं.

मिठाबद्दल सगळ्यांसाठी सांगतो. आपल्याकडे भाईंदरची मिठागरं जवळ, खडे मीठ स्वस्त, म्हणून लोक तेच ओततात. त्यात माती असते आणि मॅग्नेशियमही. म्हणजे जे काढायचं तेच परत घालतोय. रेझिनवर गाळ बसतो. स्वच्छ शुद्ध केलेलं मीठ किंवा सॉफ्टनरच्या वड्याच वापरा. पैसे वाचवायचे तर मशीनवर वाचवा, मिठावर नको.

बोअरच्या पाण्यात लोह असेल, बादलीच्या तळाला तांबूस थर दिसत असेल, तर तेही आधी सांगा. लोह रेझिनला धरून बसतं, साध्या मिठाने सुटत नाही.

मृण्मयी_घोडबंदर
१९ मे, रात्री ८.४५

किट आलं. पाच दिवस सकाळ-संध्याकाळ मोजलं, सासूबाईंनी थेंब मोजले आणि मी लिहून ठेवलं. लाल रंग निळा होताना बघायला मुलीलाही मजा आली.

महापालिकेचं पाणी, थेट खालच्या नळाचं: ६०. नुसती बोअर: ५२०. टँकर: एकदा ३१०, एकदा ४४०. आमच्या घरातल्या नळाचं मिश्रण: बहुतेक दिवशी ३८० च्या आसपास. पण शुक्रवारी शटडाऊन होता, महापालिकेचं पाणी आलंच नाही, त्या दिवशी थेट ४९०. पाणी खारट लागत नाही, तांबूस थरही नाही.

काका, आता यावरून मशीन कसं ठरवायचं?

रबाळे_निवृत्त
२० मे, सकाळी ७.०५

शाब्बास. हे काम विक्रेत्याने करायला हवं होतं.

फ्लशला सॉफ्ट पाणी नको. स्वयंपाकघराच्या नळालाही नको. सॉफ्टनर दर १०० मिलिग्रॅम जडपण्यामागे लिटरमध्ये ४६ मिलिग्रॅम सोडियम घालतो. तुमच्या ३८० ला ते पावणेदोनशेच्या घरात जातं. घरात रक्तदाबाचं कुणी असेल तर असं पाणी पोटात जाऊ नये. घरात आरओ असेल तर पिण्याला आणि डाळीला त्याचंच पाणी घ्या. कुंड्यांनाही सॉफ्ट पाणी घालू नका, तुळस सोडियमने मरते.

उरल्या दोन जागा, आंघोळ आणि मशीन. कॉमन बाथरूममध्ये चौघं मिळून २०० लिटर धरा. २०० गुणिले ३८० म्हणजे रोज ७६ ग्रॅम. १० लिटर रेझिन ५०० ग्रॅम धरतं, म्हणजे साडेसहा दिवस. शटडाऊनच्या आठवड्यात पाचच दिवस पुरेल. दाब कमी आहे म्हणून ऑटोमॅटिक नको, हाताने व्हॉल्व्ह फिरवायचा साधा नळकांड्याचा घ्या. आठवड्याला सव्वा ते दीड किलो मीठ लागेल. धुण्याच्या मशीनला एका धुण्याला ७० लिटर धरले तर २६-२७ ग्रॅम. त्याच्या नळावर २ लिटर रेझिनचा छोटा सॉफ्टनर लावला तर तीन धुण्यांनंतर मीठ.

विक्रेत्याला तीन प्रश्न विचारा. रेझिन किती लिटर? एका रिजनरेशनला मीठ किती? कमीत कमी दाब किती लागतो? 'किती माणसांसाठी' असं सांगणारा आकडा ऐकूच नका. जडपणा धरल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही.

अमेय_वाघबीळ
२० मे, सकाळी १०.२०

बसवताना बायपास व्हॉल्व्ह (सॉफ्टनर टाळून पाणी थेट सोडणारा) विसरू नका. रिजनरेशनचा निचरा डक्टमध्ये मोकळा सोडू देऊ नका, खालच्या मजल्याच्या भिंतीवर मिठाची पापुद्री चढते आणि मग सोसायटीत भांडण. ट्रॅपला नीट जोडून घ्या. ड्राय बाल्कनीत मशीनची लाइन किचनच्या डाऊनटेकवरून येत असेल, तर टी-जॉइंटच्या पुढे, फक्त मशीनच्या कॉकवर बसवा.

स्नेहल_खारघर
२० मे, दुपारी २.००

मीठ विसरायची सवय असेल तर मोबाइलवर गजर लावा. आणि आधीचे चढलेले थर सॉफ्टनरने लगेच जात नाहीत. शॉवरची जाळी काढून किराणा दुकानातल्या लिंबूसत्वाच्या गरम पाण्यात तासभर बुडवा. संगमरवरावर ते सांडू देऊ नका, डाग पडतो. आणि ब्लीचच्या बाटलीजवळही नेऊ नका, दोन्ही मिसळले तर विषारी वायू होतो.

मृण्मयी_घोडबंदर
२१ जून, रात्री ९.३०

दोन्ही बसवून तीन आठवडे झाले. सॉफ्टनरनंतरचं पाणी किटवर १५ ते २० दाखवतं. चौथ्या धुण्याला टॉवेल मऊ झाले. साबण पूर्वीच्या निम्माच लागतो. पहिल्या दिवशी मला अंग बुळबुळीत वाटलं, साबण निघालाच नाही असं. सासूबाई म्हणाल्या, "आपल्या विहिरीचं असंच असतं गं, निघालाय साबण." मुलीचे चट्टे आहेत तेवढेच आहेत, मलम चालू आहे. प्राजक्ता, तुम्ही लिहिलंत म्हणून निराश नाही झाले.

मीठ घालायला वीस मिनिटं जातात, रविवारी सकाळी. जड काम नाही, पण विसरून चालत नाही. एका आठवड्यात विसरले आणि मंगळवारी साबणाने लगेच सांगितलं.

हे सगळे आकडे मी सोसायटीच्या ग्रुपवर टाकले. आता बोअरच्या लाइनवर एकत्र सॉफ्टनर लावायचा विषय सर्वसाधारण सभेत येतोय. सचिवसाहेब, तुमच्या बागेचा अनुभव मी आवर्जून मांडणार आहे. पाणीहक्क, वाढीव जोडणीच्या अर्जावर ४० जणांच्या सह्या झाल्या.

पाणीहक्क
२२ जून, सकाळी ८.१५

अर्जाला या चाचणीचे आकडे जोडा. महापालिकेचं ६० आणि नळाला ३८०, हे एकाच कागदावर दिसू दे.

मृण्मयी_घोडबंदर
३० ऑगस्ट, रात्री १०.१०

काका, दोन गोष्टी. पावसाने बोअरचा जडपणा उतरला, आता मिश्रण २१० येतंय, त्यामुळे मीठ दहा-बारा दिवसांनी घालते. बरोबर ना? आणि गणपतीला आम्ही बारा दिवस चिपळूणला जातोय. सॉफ्टनर तसाच ठेवला तर चालेल?

रबाळे_निवृत्त
३१ ऑगस्ट, सकाळी ६.५०

बरोबर. २१० ला तुमचं रेझिन अकरा दिवस पुरतं. पण अंदाजाने नको, दर आठवड्याला एकदा थेंब मोजत जा. टँकर सुरू झाला की आकडा एका दिवसात वर जाईल.

जाताना बायपास करा आणि सॉफ्टनरचे दोन्ही कॉक बंद करा. साचलेल्या पाण्यात रेझिनवर जंतू वाढतात, म्हणून आल्यावर आधी मीठ घालून एक रिजनरेशन करा. मग नळ उघडून खारटपणा जाईपर्यंत पाणी वाहू द्या, आणि त्यानंतरच आंघोळीला घ्या. गीझरही जाताना मेन स्विचवरून बंद करा.